पुतळा

शाहूपुरीत, पंपाच्या सुट्या भागांच्या दुकानावर, दुसरा मजला.
चपला दाराबाहेर.
मोबाईल एका पत्र्याच्या डब्यात, वर झाकण.
मगदूम मॅडम म्हणाल्या, तुम्हीपण आत या.
मला वाटलं होतं मी बाकड्यावर बसेन
आणि पाऊण तासानं दुरुस्त झालेलं पोर घेऊन जाईन.

इंद्रजित, वय सात.
वहीत बाईंचा लाल शेरा : चित्त थाऱ्यावर नाही.
त्याखाली माझी सही.
त्याखाली परत तोच शेरा, परत सही.
अर्धी वही बाईंनी आणि मीच भरलीय.
त्याची अक्षरं मधेच कुठंतरी
ओळीबाहेर पाय सोडून बसलेली.

खोलीत वाळूची पेटी.
बघून हसूच आलं.
मी शिरोलीत फाउंड्रीला, अठरा वर्षं वाळूच ठासतोय.
पॅटर्न उचलताना कड ढासळली की माल रिजेक्ट.
ओतकाम चालू असलं की कुणी बोलत नाही.
एकदाच नजर हलली होती,
तिची खूण घोट्यावर आहे अजून.
तर लक्ष म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायचं?

मॅडमनी सांगितलं :
तो खेळेल. तुम्ही विचारायचं नाही, शिकवायचं नाही.
दिसेल तेवढंच बोलायचं.
दहा मिनिटं.

त्यानं वाळूत ट्रक पुरला.
मी म्हणालो, ‘अरे असा नव्हं, आधी खालनं...’
मॅडमनी नुसतं बघितलं.
तो उठला. खिडकी. ठोकळ्यांचा मनोरा, धडाम.
आरसा, फुगा, परत खिडकी.
‘इकडं बघ की रं!’
मॅडमनी परत बघितलं.
सतरा वेळा चुकलो.
त्यांनी मोजलं नसेल. मी मोजलं.

मग म्हणालो, ‘ट्रक पुरलास.’
तो थांबला.
‘एक चाक वर ठेवलंस.’
‘चाक न्हाई ते,’ तो म्हणाला,
‘माणसाचं डोकं हाय.
आत लई गरम होतंय त्याला, म्हणून वर काढलंय.’

मी पुढं काही बोललो नाही.
बोलण्याजोगं काही दिसेना.
डोळ्यांत वाळू गेली म्हणालो असतो,
पण कुणी विचारलं नाही.

शेवटी हलगी.
मॅडम वाजवतील तोवर पळायचं,
थांबली की पुतळा.
पहिल्यांदा तो भिंतीवर जाऊन आदळला, हसला.
दुसऱ्यांदा थांबला, पण हात हलत राहिले,
बटण बंद केल्यावर पंखा फिरतो तसे.
पाचव्यांदा
चार आकडे होईतो गच्च उभा,
पापणी तेवढी लवत होती.
माझाच गुडघा डुगडुगला.
‘पप्पा आऊट!’

सहा महिने तरी लागतील म्हणाल्या, जास्तही.
गोळीचं काय ते डॉक्टरांशी बोलून, नंतर.
फी एका ओव्हरटाईमएवढी, दर शनिवारी.
अंजना विचारणार, काय केलं तिथं?
पैसे भरून खेळून आलो,
हे सांगायचं कसं?

दाभोळकर कॉर्नरला सिग्नल लाल.
पुढं टाकीवर बसलेला तो एकदम ओरडला,
‘पुतळा!’
आणि ताठ.
मी इंजिन बंद केलं.
आकडे उतरत होते. बावीस, एकवीस.
त्याच्या केसांत वाळूचा एक कण चमकत होता,
झटकावा म्हणून बोट शिवशिवलं.
नाही झटकला.
तीन. दोन.
हिरवा.

मागनं केएमटीचा लांबलचक हॉर्न.
शेजारचा रिक्षावाला वाकून म्हणाला,
‘ओ पावणं, झोपलाय काय?’

हलगी अजून सुरू झाली नव्हती.